बदललेली अट आणि एक महिन्याची मुदत

तासगाव तालुक्यात द्राक्षबागेचे वर्ष दोन छाटण्यांभोवती फिरते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. फळछाटणीनंतरचे महिने खर्चाचे असतात. डाऊनी आणि भुरीवरची औषधे, विरळणीची मजुरी, ट्रॅक्टरचे डिझेल असा खर्च रोजच निघतो. पैसा हातात येतो तो माल गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चनंतर. बेदाणा करून शीतगृहात ठेवला असेल, तर तो मार्केट यार्डातल्या सौद्यात निघेल तेव्हा. क्रेडिट कार्डाचे गणित याच्या अगदी उलटे आहे. त्याला वर्ष ठाऊक नाही, फक्त महिना ठाऊक आहे. बाग फुलोऱ्यात असो की घड उतरलेला असो, बिलाची तारीख दर महिन्याला येतेच. त्यामुळे कार्डाच्या अटींतला छोटासा बदलही पगारदारापेक्षा बागायतदाराला जास्त लागतो. पगारदाराकडे पुढच्या महिन्याचा पगार येणार असतो, बागायतदाराकडे पुढच्या हंगामाचा माल.

येथे एक घोटाळा आधीच दूर करायला हवा. तालुक्यात 'क्रेडिट कार्ड' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर किसान क्रेडिट कार्ड येते. 1998 मध्ये सुरू झालेली ती योजना पीककर्जाची आहे. तिचे व्याज सरकारी सवलतीमुळे कमी राहते आणि परतफेड हंगामाशी जुळवलेली असते. या प्रकरणाचा विषय दुसरे कार्ड आहे. बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा प्रतिनिधी मोबाइलवर देऊ करतो, पेट्रोल पंपावर आणि ऑनलाइन खरेदीला चालते, ते कार्ड. त्याच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. वर्षाला हा दर 42 टक्के होतो. नाव सारखे असल्याने दोन्ही कार्डांना एकच नियम लावणारा माणूस फसतो.

अशी कार्डे आता शहरापुरती राहिलेली नाहीत. भारतातले पहिले क्रेडिट कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 1980 मध्ये काढले. 2024 च्या सुरुवातीला देशातल्या चालू कार्डांची संख्या 10 कोटींच्या पुढे गेली. तासगावच्या कार्डधारकाला मुंबईच्या कार्डधारकाचीच अट लागू होते आणि अट बदलल्याचा संदेशही तोच येतो. मुंबईत तो इंग्रजी ईमेल कदाचित वाचला जातो. तासगावात तो बऱ्याचदा अशा ईमेल पत्त्यावर जातो, जो फोन घेताना दुकानदारानेच उघडून दिलेला असतो आणि ज्याचा पासवर्ड आता कोणालाच आठवत नाही.

अटी बदलतात म्हणजे नेमके काय होते, याची उदाहरणे जाहीर आहेत. ॲक्सिस बँकेने 1 सप्टेंबर 2023 पासून आपल्या मॅग्नस कार्डाचे वार्षिक शुल्क 10,000 रुपयांवरून 12,500 रुपये केले. महिन्याला एक लाखाच्या खर्चावर मिळणारे 25,000 पॉइंटही त्याच वेळी बंद केले. अनेकांनी ते कार्ड त्या पॉइंटसाठीच घेतले होते. एचडीएफसी बँकेने 1 ऑगस्ट 2024 पासून काही ॲपमार्फत कार्डावर भरलेल्या घरभाड्यावर 1 टक्का शुल्क लावले. एका व्यवहारात 50,000 रुपयांहून अधिकचे वीज-पाण्याचे बिल भरले, तर साऱ्या रकमेवर 1 टक्का लागू झाला, कमाल मर्यादा 3,000 रुपये. एसबीआय कार्डाने 1 नोव्हेंबर 2024 पासून तारण नसलेल्या कार्डांचा व्याजदर महिना 3.75 टक्क्यांवर नेला.

पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण समजा, एका बागायतदाराची 50,000 रुपयांची थकबाकी कार्डावर आहे आणि ती हंगाम निघेपर्यंत फिटणार नाही. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज 1,750 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 2,065 रुपये. पावणेचार टक्क्यांनी व्याज 1,875 आणि जीएसटीसह 2,212 रुपये 50 पैसे. महिन्याला 147 रुपये 50 पैसे जास्त. चार महिन्यांत हा फरक जवळपास 600 रुपये होतो. खरा धक्का मात्र फरकाचा नाही, मूळ आकड्याचा आहे. चार महिन्यांत व्याज आणि कर मिळून आठ हजारांहून अधिक जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे उभे राहते. शिवाय मागची बाकी पूर्ण न भरता पुढे ओढली, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या औषधांच्या बिलावर आजपासूनच व्याज सुरू होते. 'मिनिमम ड्यू भरला, म्हणजे झाले' असे समजणाऱ्याला ही गोष्ट बहुधा कोणी सांगितलेली नसते.

तासगाव-सांगलीच्या बेदाणा बाजारात दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून व्यापाऱ्यांकडची येणी मिटवण्याची रीत आहे. तिला बाजारात 'झिरो पेमेंट' म्हणतात. बाकी शून्य झाल्याशिवाय नवा व्यवहार नाही. कार्ड वापरायचेच असेल, तर दर महिन्याला हाच हिशेब ठेवावा लागतो.

आता हक्कांकडे वळू. भारतीय रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांसाठी सविस्तर निर्देश काढले. ते 1 जुलै 2022 पासून लागू झाले आणि मार्च 2024 मध्ये त्यांत सुधारणा झाली. कार्डधारकाच्या बाजूचे इतके ठोस लिखाण त्याआधी एका जागी क्वचितच होते. त्यातली तीन कलमे अटी बदलण्याशी थेट जोडलेली आहेत.

पहिले कलम शुल्काबद्दल आहे. शुल्कातला कोणताही बदल पुढच्या तारखेपासूनच लागू होतो, मागच्या तारखेपासून नाही, आणि त्याची सूचना किमान एक महिना आधी द्यावी लागते. बदल कार्डधारकाच्या तोट्याचा असेल आणि त्याला कार्ड परत करायचे असेल, तर बंद करण्याचे वेगळे शुल्क न घेता ते बंद करून द्यावे लागते. त्याने सारी बाकी भरलेली असली पाहिजे, एवढीच अट आहे. प्रकरणाच्या शीर्षकातली मुदत हीच. त्या महिन्यात कार्डधारकाला मोकळेपणाने निर्णय घेता येतो. त्यानंतर निर्णय घेता येत नाही असे नव्हे, पण तोवर नवे शुल्क एखाद्या बिलात येऊन बसलेले असते.

दुसरे कलम अधिक कडक आहे, आणि अधिक दुर्लक्षितही. कार्ड देणाऱ्या संस्थेने आपल्या मर्जीने कार्डाचा दर्जा वाढवू नये, खर्चाची मर्यादा वाढवू नये आणि अटी-शर्तींत बदल होईल तेव्हा कार्डधारकाची स्पष्ट संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. मर्यादा कमी करायची असेल, तर ते कळवावे. विनासंमती नवे कार्ड पाठवले किंवा जुने वरच्या दर्जाचे करून त्याचे बिल लावले, तर ती रक्कम परत करावी लागते आणि शिवाय त्या रकमेच्या दुप्पट दंड कार्डधारकाला द्यावा लागतो.

व्यवहारात मात्र बऱ्याच कार्ड-करारांत एक वाक्य असते: सूचनेनंतरही कार्ड वापरत राहिलात, तर नव्या अटी मान्य आहेत असे समजले जाईल. वापर म्हणजे संमती, हा बँकांचा अर्थ. 'स्पष्ट संमती' या शब्दांत तो बसत नाही, असे या लेखकाचे ठाम मत आहे. गप्प राहणे आणि 'हो' म्हणणे यांतला फरक साध्या व्यवहारातही कळतो, मग करारात तो का पुसला जावा? तक्रार करण्याची वेळ आली, तर कार्डधारकाने या कलमाचा उल्लेख आवर्जून करावा.

तिसरे कलम भाषेचे आहे. अटी सोप्या आणि स्पष्ट शब्दांत असाव्यात आणि शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत द्याव्यात, असे निर्देश सांगतात. अत्यंत महत्त्वाच्या अटी-शर्तींचे वेगळे पत्रक अर्जाच्या वेळी, कार्ड मिळताना आणि पुढे अट बदलेल तेव्हाही द्यावे लागते. व्याजाचा वार्षिक दर आणि आकारणीचे उदाहरण त्यात असले पाहिजे. 'शक्यतो' या शब्दाने या कलमाची धार कमी केली आहे, हे खरे. पण तासगावच्या शाखेत जाऊन 'या अटी मराठीत द्या' असे लेखी मागणे पूर्णपणे नियमाला धरून आहे. मागणी आलीच नाही, तर ते पत्रक मराठीत छापण्याची घाई कोणालाही होणार नाही.

हिशेब आपल्याला समजेल अशा रीतीने मागण्याचा हा हक्क या मातीत नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यतः कर्जखते आणि रोखे यांवर होता आणि हे कागद जाळले गेले. चौकशीसाठी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्याचा तालुका होता. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला तो 1949 मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले 1960 मध्ये. म्हणजे तासगावचा शेतकरी या कायद्याच्या कक्षेत पहिल्यापासून होता.

त्या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन देवघेवीचा इतिहास पहिल्या व्यवहारापासून तपासण्याचा अधिकार दिला. कागदावर 500 लिहिले आहेत म्हणून 500 देणे लागतात, असे मानण्याची सक्ती राहिली नाही. दुसरी गोष्ट आजच्या विषयाला आणखी जवळची. शेतकऱ्याने पैसे दिले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षातून एकदा खात्याचा उतारा मागता आला पाहिजे आणि त्याने मागितले तर पासबुकात हिशेब लिहून मिळाला पाहिजे. हे टाळणाऱ्याला दंड होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. आज कार्डाचे बिल पाठवणे बंधनकारक आहे. पैसे भरायला किमान पंधरवडा द्यावा लागतो. बिलावर आक्षेप घेतला, तर 30 दिवसांत पुराव्यासह उत्तर द्यावे लागते. या आजच्या नियमांची मुळे त्या पावती-पासबुकापर्यंत पोहोचतात.

एका बाबतीत मात्र आजचा कार्डधारक 1879 च्या शेतकऱ्यापेक्षा कमकुवत आहे. बँकेने लावलेले व्याज अवाजवी आहे, एवढ्या कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, अशी तरतूद बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 21-अ मध्ये आहे. हे कलम 1984 मध्ये घातले गेले. मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली दामदुपटीची मर्यादा, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दंडक, कार्डाच्या थकबाकीला वाचवायला येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये एक वेगळी वाट दाखवली होती. वेळेवर पैसे न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आयोगाने ठरवले. परदेशी बँका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण सोळा वर्षे चालले आणि 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला. दोन पक्षांनी मान्य केलेल्या कराराच्या अटी आयोगाने नव्याने लिहिणे योग्य नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

याचा अर्थ सरळ आहे. व्याजाचा दर कमी करून द्यायला न्यायालय येणार नाही. कार्डधारकाच्या हाती उरते ते आधी सूचना मिळण्याचे, हिशेब मागण्याचे, संमती नाकारण्याचे आणि बाहेर पडण्याचे बळ. त्यामुळे हे उरलेले हक्क नीट माहीत असणे आणि वेळेत वापरणे याला आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे.

बाहेर पडण्याची रीत नियमांत बारकाईने लिहिली आहे. कार्ड बंद करण्याची विनंती हेल्पलाइन, ठरवून दिलेला ईमेल, संकेतस्थळावरची ठळक लिंक, नेट बँकिंग किंवा ॲप यांतल्या कोणत्याही मार्गाने करता येते. पोस्टानेच अर्ज पाठवा, असा आग्रह धरता येत नाही. बाकी शून्य असेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालेच पाहिजे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये दंड कार्ड देणाऱ्या संस्थेने कार्डधारकाला द्यायचा असतो. म्हणून विनंती केल्याची तारीख आणि तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवावा, फोनवर बोलणे झाले असले तरीही. उशीर सिद्ध करायचा झाला, तर हीच नोंद कामाला येते.

दारातून बाहेर पडताना मात्र 'सारी बाकी भरून' हा उंबरठा आहे, आणि गरजवंत नेमका तिथेच अडतो. डिसेंबरात ज्याच्या कार्डावर 50,000 रुपये थकले आहेत, त्याला दरवाढ मान्य नसली तरी एकरकमी पैसे आणायचे कोठून? अमेरिकेने या प्रश्नाला 2009 च्या क्रेडिट कार्ड कायद्याने उत्तर दिले. तेथे मोठ्या बदलाची सूचना 45 दिवस आधी द्यावी लागते. थकबाकीदार 60 दिवस मागे पडलेला नसेल, तर वाढीव दर सहसा जुन्या बाकीला लागत नाही, फक्त नव्या खरेदीला लागतो. बदल नाकारून खाते बंद केले, तरी जुनी रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सोय राहते. जुन्या बाकीला जुनाच दर, असे स्पष्ट वाक्य आपल्या निर्देशांत नाही. ते असायला हवे. ज्या मुलखात उत्पन्न वर्षातून एकदा येते, तेथे तर ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि शेतकरी संघटनांनी मिळून करायला हवी.

तोपर्यंत थकबाकी असलेल्याने निदान काही गोष्टी कराव्यात. सूचना आली की कार्डावर नवी खरेदी थांबवावी. आपल्या सोसायटीकडून किंवा बँकेकडून कमी व्याजाचे कर्ज मिळत असेल, तर त्यातून कार्ड फेडता येते का, याचा हिशेब मांडावा. उशीर-शुल्काची आकारणीही तपासावी. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय उशीर-शुल्क लावता येत नाही. ते लावले, तरी न भरलेल्या रकमेवरच लावायचे असते, पूर्ण बिलावर नाही. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवायलाही मनाई आहे. जुनी तीन-चार बिले घेऊन बसले, तर या तिन्हींची पडताळणी दहावी शिकलेला मुलगाही करू शकेल.

चूक सापडली, तर पहिली तक्रार कार्ड देणाऱ्या संस्थेकडेच करायची, तीही लेखी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर 2021 पासून देशभर एकच एकात्मिक लोकपाल योजना आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा विनाशुल्क क्रमांक आहे. लोकपालाकडे थेट गेले आणि संस्थेकडची तक्रार दाखवता आली नाही, तर प्रकरण तिथेच परत येते. म्हणून पहिल्या पत्राची पोच जपावी.

दुसरी वाट सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी अडचण दूर केली. पूर्वी कंपनीचे कार्यालय जेथे असेल किंवा व्यवहार जेथे झाला असेल, तेथे दावा लावावा लागे. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तो लावता येतो. कार्ड कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असो की मुंबईला, तासगावच्या माणसाला सांगलीपलीकडे जावे लागत नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

शेवटी सिबिलचा विषय, कारण कार्डाचा राग पीककर्जावर निघू नये, ही काळजी गावागावांत ऐकू येते. कार्ड बंद झाल्याची नोंद 30 दिवसांत पत माहिती कंपन्यांकडे जायला हवी. गेली की नाही, हे वर्षातून एकदा फुकट मिळणाऱ्या पत अहवालात पाहता येते. बंद केलेले कार्ड त्यात अजून चालू दिसत असेल किंवा फेडलेली बाकी थकीत दिसत असेल, तर दुरुस्तीची तक्रार करावी. 26 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार अशी तक्रार 30 दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. फळछाटणीच्या आधी सोसायटीत कर्जाचा अर्ज द्यायचा असेल, तर हा अहवाल उन्हाळ्यातच काढून पाहावा, म्हणजे दुरुस्तीला पुरेसे दिवस हाताशी राहतात.